मार न लागताही मेंदू दुखावतो

चुलीवर काही असेल तर असू द्या, हातातलं काम चालू द्या, फक्त रेडिओचा आवाज थोडा वाढवा.

आज बोलायचंय मेंदूला होणाऱ्या इजेबद्दल. पण औषधांची यादी सांगायची नाही. ही इजा माणसाला कशी कशी कळत गेली, याचा इतिहास सांगायचाय. यातला बराचसा इतिहास आपल्याच महाराष्ट्रात घडलाय. परळच्या दवाखान्यात घडलाय, नागपूरजवळ घडलाय, गडचिरोलीच्या खेड्यांत घडलाय.

आधी आपल्या बोलण्यातले शब्द बघू. म्हाताऱ्या माणसाचा एक हात, एक पाय गळाला की आपण म्हणतो, 'अंगावरून वारं गेलं.' लेकराला ताप येऊन झटके आले की म्हणतो, 'ताप डोक्यात गेला.' कुणी गाडीवरून पडलं आणि त्यानंतर विचित्र वागायला लागलं तर 'डोक्यावर परिणाम झाला.' आणि काहीच समजलं नाही तर 'बाहेरचं झालं.' चार दुखण्यांची चार नावं. त्यामुळं उपायही चार ठिकाणी शोधले जातात. कुणी मालीश करणाऱ्याकडं जातं, कुणी देवऋषीकडं, कुणी घरातच वाट बघत बसतं.

खरं म्हणजे या सगळ्यांत दुखावलेला अवयव एकच, मेंदू. जन्माच्या वेळी चांगला असलेला मेंदू पुढं कधीतरी दुखावला, तर त्याला 'जन्मानंतरची मेंदूची इजा' म्हणतात. तिचे मोठे प्रकार दोन. पहिला, बाहेरून मार लागून झालेली इजा. दुसरा, मार न लागता आतून झालेली इजा. आतून म्हणजे श्वास कोंडला, ताप मेंदूपर्यंत पोचला, रक्ताची नळी तुंबली किंवा फुटली, गाठ झाली, विष भिनलं. पहिला प्रकार डोळ्यांना दिसतो, म्हणून धावपळ होते. दुसरा दिसत नाही, म्हणून वेळ जातो. आज एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं.

दोन माणसं, दोन धडे

डोकं महत्त्वाचं आहे हे आपल्या जुन्या वैद्यांना माहीत होतं. चरकसंहितेत शिर, हृदय आणि बस्ती ही शरीराची तीन मोठी मर्मं सांगितली आहेत. 'पक्षाघात' हा शब्दही जुना. पक्ष म्हणजे एक बाजू, आघात म्हणजे तडाखा. एका बाजूवर तडाखा बसल्यासारखं दिसतं, म्हणून हे नाव. पण मेंदूच्या आत कुठं काय दुखावलं म्हणजे माणसाचं काय जातं, हे कळायला फार काळ लागला.

आपल्याकडं बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला धावली. त्याच्या पाच वर्षं आधी, १३ सप्टेंबर १८४८ ला, अमेरिकेत व्हरमाँट नावाच्या राज्यात रेल्वेच्या कामावर एक अपघात झाला. फिनियस गेज नावाचा पंचवीस वर्षांचा मुकादम खडक फोडण्यासाठी सुरुंगाची दारू ठासत होता. दारू पेटली आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. लोकांना वाटलं, संपला. पण तो बोलत होता. पुढं जखम भरली, तो चालायला लागला, कामालाही लागला आणि त्यानंतर अकरा वर्षांहून जास्त जगला.

मग बिघडलं काय? त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर हार्लो यांनी लिहून ठेवलं, की आधी शांत आणि जबाबदार असलेला हा माणूस नंतर शिवराळ आणि हट्टी झाला, एका गोष्टीवर टिकेना. त्याचे सोबती म्हणायला लागले, हा आपला गेज राहिलाच नाही. जगाला पहिल्यांदाच एवढं स्पष्ट दिसलं, की मेंदू दुखावला तर हातपाय शाबूत राहूनही स्वभाव बदलू शकतो.

दुसरा धडा पॅरिसचा. १८६१ साली तिथल्या एका दवाखान्यात लेबोर्न्य नावाचा रोगी होता. वीसएक वर्षांपासून त्याच्या तोंडून 'तान, तान' एवढाच आवाज निघायचा. बाकीच्यांचं बोलणं त्याला कळायचं, पण स्वतःचे शब्द बाहेर येत नव्हते. तो वारल्यावर पॉल ब्रोका या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूचा पुढचा एक भाग खराब झालेला होता. बोलण्याची जागा मेंदूत ठरलेली आहे, हे तिथं कळलं.

आपल्या घरांसाठी याचा अर्थ काय? वारं गेलेली सासूबाई 'पाणी' म्हणायचं तर 'गाय' म्हणते, किंवा नुसती बघत राहते. आपल्याला वाटतं, अक्कल गेली. तसं नसतं. तिला सगळं कळत असू शकतं, फक्त शब्दाची वाट तुटलेली असते. अशा माणसासमोर त्याच्याबद्दल वाटेल ते बोलू नये. ते ऐकत असतं.

बाहेरून लागलेला मार

आता पहिला मोठा प्रकार. गाडीवरून पडणं, झाडावरून, माळवदावरून, जिन्यावरून पडणं, बैलानं उडवणं, डोक्यात काठी बसणं, दगड पडणं. कवटी हाडाची असते, मेंदू मऊ असतो. जोराचा हिसका बसला की मेंदू कवटीच्या आत आपटतो. त्यामुळं बाहेर टेंगूळही नाही, रक्तही नाही, तरी आत इजा असू शकते.

मराठवाड्यानं असा मार एका रात्रीत हजारो घरांत बघितलाय. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, माणसं दमून झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा जड भार असलेली घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. धक्का जमिनीला बसला, पण मारलं ते डोक्यावरच्या दगडांनी. आपल्या हिंगोली जिल्ह्यातही २०२४ मध्ये धक्के बसले, घराबाहेर पळालेल्या बऱ्याच जणींना ते आठवत असतील. म्हणून ज्या भिंतीला झोपताना डोकं लागतं, तिच्यावरच्या फळीवर जातं, पाटा, लोखंडी पेटी असलं काही ठेवू नका.

पण रोजचा धोका भूकंपाचा नाही, दुचाकीचा आहे. हेल्मेटचाही इतिहास आहे. १९३५ साली इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स नावाचा नावाजलेला लष्करी माणूस मोटरसायकलवरून पडला आणि डोक्याला मार लागून सहा दिवसांनी वारला. त्याच्या उपचाराला बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यानंतर त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो छापला आणि हेल्मेटमुळं डोकं कसं वाचतं ते दाखवून दिलं. आपल्या देशात मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ मध्ये दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं केलंय. चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्यालाही. मागं बहुतेक कोण बसतं? आपणच. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लेकरू, हातात पिशवी. औंढा-वसमत रस्त्यावर हळदीच्या दिवसांत भरलेल्या गाड्या धावतात, उसाच्या दिवसांत ट्रॉल्या. संध्याकाळी मागं लाल दिवा नसलेली ट्रॉली दिसत नाही. नवऱ्याला, लेकाला हेल्मेट घालायला सांगताना मागच्या बाईच्या डोक्याचंही बोला.

मार लागल्यानंतरची एक फसवी गोष्ट सगळ्यांनी पाठ करून ठेवा. काही वेळा माणूस पडतं, उठतं, कपडे झटकतं, चहा पितं, 'काही झालं नाही' म्हणतं. आत मात्र कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साचत असतं. दोन-चार तासांनी ते झोपाळू होतं, उलट्या करतं आणि मग शुद्ध हरपते. आपण म्हणतो, दमलंय, झोपू द्या. ही झोप नसते. म्हाताऱ्या माणसांत तर हे रक्त हळूहळू साचतं, पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीही त्रास सुरू होऊ शकतो.

म्हणून डोक्याला मार लागल्यावर यांतलं एक जरी दिसलं तरी थांबू नका: पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटके, एक बाहुली मोठी आणि एक लहान, नाका-कानातून पाण्यासारखं किंवा रक्त येणं, हातापायात कमजोरी. १०८ ला फोन करा. मान वाकडी करू नका, उठवून बसवू नका, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. उलटी होत असेल तर मान न पिळता सगळं अंग एकदम कुशीवर वळवा.

पूर्वी डॉक्टरांनाही आतलं दिसत नव्हतं. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, पण त्यात हाड दिसायचं, मेंदू नाही. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये एका बाईच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन झाला आणि जिवंत माणसाच्या मेंदूत रक्त साचलंय की नाही ते दिसायला लागलं. ते यंत्र घडवणारे हाउन्सफील्ड आणि त्यामागचं गणित मांडणारे कॉरमॅक यांना १९७९ चं नोबेल मिळालं. म्हणून डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला तर 'उगाच पैसे काढतात' म्हणून परतू नका.

श्वास कोंडला तर

आता दुसऱ्या मोठ्या प्रकाराकडं येऊ. डोक्याला मार नाही, तरी इजा. याची महाराष्ट्रातली सगळ्यांत मोठी कहाणी एका नर्सची आहे.

अरुणा रामचंद्र शानभाग. मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात नर्स होती. वय पंचवीस, लग्न ठरलेलं. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्यूटी संपवून कपडे बदलायला गेली असताना तिथल्याच एका सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीनं तिचा गळा आवळला आणि तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली.

तिचं डोकं कुणी फोडलं नव्हतं. गळा आवळल्यामुळं मेंदूला जाणारा रक्तपुरवठा आणि प्राणवायू तुटला होता. आपल्या वजनाच्या मानानं मेंदू किती, तर शंभरात दोन भाग. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. चार-पाच मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर मेंदूच्या पेशी मरायला लागतात, आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. अरुणाचा जीव वाचला, पण ती आपल्या जगात परत आली नाही. दिसणं गेलं, बोलणं गेलं, चालणं गेलं. हल्लेखोराला खुनाचा प्रयत्न आणि चोरी यासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. अत्याचाराचा गुन्हा दाखलच झाला नव्हता. तो शिक्षा भोगून सुटला. ती मात्र त्याच रुग्णालयात बेचाळीस वर्षं राहिली.

या बेचाळीस वर्षांत तिला कुणी सांभाळलं? नर्सांनी. एक पिढी निवृत्त झाली की दुसरी पिढी हातात घ्यायची. अन्न मऊ करून भरवायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची, केस विंचरायचे. १९८० च्या दशकात तिला तिथून हलवून खाट मोकळी करायचं चाललं होतं, तेव्हा नर्सांनी आंदोलन करून ते थांबवलं. पुढं तिला मरण येऊ द्यावं, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केला. ७ मार्च २०११ ला निकाल लागला. न्यायालयानं एक वाट दाखवली: ज्या रोग्याची बरं होण्याची आशाच उरली नाही, त्याचे जीव टिकवणारे उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीनं थांबवता येतील. पण अरुणाच्या बाबतीत नको म्हटलं, कारण तिला रोज सांभाळणाऱ्या के.ई.एम.च्या माणसांना ती जगायला हवी होती. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही तिच्या अंगावर पडून होणाऱ्या जखमा नाहीत, याची न्यायालयानं खास दखल घेतली. १८ मे २०१५ ला न्यूमोनिया होऊन ती गेली. अंत्यसंस्काराला नातेवाइकांबरोबर नर्सा उभ्या होत्या. पुढं ९ मार्च २०१८ च्या निकालात न्यायालयानं आणखी एक गोष्ट मान्य केली: असं अंथरूण वाट्याला आलं तर आपल्यावर कोणते उपचार नकोत, हे माणूस शुद्धीत असतानाच लिहून ठेवू शकतं.

मैत्रिणींनो, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगावर जखम होऊ न देणं हे किती कष्टाचं काम आहे, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. देशातल्या सगळ्यांत मोठ्या कोर्टानं या कामाची नोंद घेतली. आपल्या घरात हेच काम एखादी सून बिनबोभाट करत असते आणि तिचं नाव कुठंच येत नाही.

श्वास कोंडून मेंदू दुखावण्याचे प्रसंग आपल्याकडंही घडतात. लेकरू विहिरीत किंवा शेततळ्यात पडतं. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला माणूस विषारी वायूनं गुदमरतो. रात्री अंथरुणात मण्यार चावते, चावलेलं कळतही नाही, आणि पहाटेपर्यंत श्वासाचे स्नायू लुळे पडतात. या सगळ्यांत घाई श्वासाची करायची. बुडालेल्याला पालथं घालून पोटातलं पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबा, आणि दुसरीला १०८ लावायला सांगा. छाती कशी दाबायची ते आरोग्य केंद्रातून शिकून घेता येतं, एखाद्या बैठकीत शिकवायला बोलवा. विहिरीत गुदमरलेल्याच्या मागं तसंच उतरू नका, दुसराही जातो. मण्यार चावल्याचा संशय आला तर मंत्र उतरवण्यात रात्र घालवू नका.

आणि एक गोष्ट जरा हळू आवाजात, पण स्पष्ट सांगते. भांडणात नवऱ्यानं गळा दाबला आणि सोडून दिलं, असं कुणी सांगितलं तर 'सोडलं ना, मग झालं' म्हणू नका. गळ्यावर वळ नसला तरी आत इजा झालेली असू शकते. नंतर आवाज बसला, गिळताना दुखलं, चक्कर आली, विसरायला झालं, तर ती लक्षणं आहेत. दवाखान्यात न्या आणि तिथं खरं कारण सांगा. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा अशाच बाईसाठी आहे.

ताप मेंदूत पोचला तर

तिसरी वाट जंतूंची. १९६५ साली नागपूर भागात तापाची मोठी साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना दोन रोग्यांच्या रक्तात एक नवाच विषाणू सापडला. ज्या गावात तो सापडला त्याचं नाव चांदीपुरा. म्हणून विषाणूचं नावही चांदीपुरा पडलं. आपल्या महाराष्ट्रातल्या एका गावाचं नाव असं जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत गेलं.

बरीच वर्षं त्याच्याकडं कुणाचं फार लक्ष नव्हतं. मग २००३ मध्ये आंध्र प्रदेशात लेकरांना ताप, उलट्या, झटके आणि बेशुद्धी अशी साथ आली. ३२९ लेकरं आजारी पडली, त्यांतली १८३ गेली. कित्येक तर दोन दिवसांच्या आत. तपासात तोच चांदीपुरा विषाणू निघाला. आपल्या विदर्भातही त्यानं पुढं मेंदूज्वराची साथ आणली. हा रोग वाळूमाशी पसरवते. ती डासापेक्षा बारीक असते, मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहते. भेगा लिंपणं, शेण-कचरा घरापासून लांब ठेवणं, लेकरांना मच्छरदाणीत झोपवणं ही आपल्या हातातली कामं आहेत.

मेंदूज्वर इतरही जंतूंनी होतो, क्षयरोगही मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. खूण एकच लक्षात ठेवा: तापाबरोबर झटके, गुंगी, मान ताठ होणं किंवा ओळख न लागणं. असा ताप घरी उतरवायचा नसतो. त्यातून वाचलेल्या काही लेकरांना पुढं ऐकू कमी येतं, शाळेत मन लागत नाही, फीट येतात. मास्तर म्हणतात ढ आहे, घरचे म्हणतात खोडकर आहे. त्या लेकराचा मेंदू दुखावलाय, हे आजाराच्या जुन्या कागदावरून कळतं. म्हणून तो कागद जपून ठेवा.

अंगावरून वारं जातं तेव्हा

चौथी वाट सगळ्यांत नेहमीची. पूर्वी समज होता, की पक्षाघात हा शहरातल्या, बसून खाणाऱ्या माणसांचा रोग. हा समज आपल्याच राज्यातल्या खेड्यांनी खोडून काढला. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. या संस्थेनं २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ खेड्यांतल्या एकूण एक मृत्यूचं कारण शोधलं. सगळ्यांत मोठं कारण निघालं पक्षाघात. दर सात मृत्यूंपैकी एक त्याचा. आणि यांतली बहुतेक माणसं दवाखान्यात नाही, घरीच गेली होती. गडचिरोली म्हणजे जंगलाचा, कष्टकरी माणसांचा मुलूख. तिथं हे निघतं, तर आपण कष्ट करतो म्हणून आपल्याला होणार नाही, असं म्हणायची सोय राहिली नाही.

वारं वगैरे काही जात नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं तुंबते किंवा फुटते. तुंबणं म्हणजे कालव्याची चारी बंद होऊन पुढचं वावर वाळणं. फुटणं म्हणजे चारी फुटून वावर बुडणं. दोन्हीत पीक जातं, पण उपाय उलटे. म्हणूनच सीटी स्कॅन केल्याशिवाय रक्त पातळ करणारी गोळी घरीच देऊ नका.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन उपयोगी पडतं, हे १९९५ मध्ये सिद्ध झालं. पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्याआधीच्या कुठल्याच पिढीला ही संधी नव्हती. आपल्याला आहे, पण ती मालीश, धुपारा आणि 'सकाळी बघू' यात निघून जाते. म्हणून तीन गोष्टी बघा. हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकडं होतं का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का? स्वतःचं नाव सांगायला सांगा, जीभ अडखळते का? एक जरी असेल तरी घड्याळ बघा, वेळ लक्षात ठेवा आणि निघा. खायला-प्यायला देऊ नका, ठसका लागून छातीत जातं. तासाभरात आपोआप बरं वाटलं तरी दाखवायला जा, तो इशारा असतो.

याची मोठी मुळं दोन: वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू. तंबाखूत मिश्रीही आली, बरं का. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. आरोग्य उपकेंद्रात तो फुकट मोजतात. सुरू असलेली गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडणं हा पक्षाघात बोलावून घेण्याचा रस्ता आहे.

घरी आल्यावर

मार असो, श्वास असो, ताप असो की रक्तवाहिनी, दवाखान्यातून सुटी मिळाली की लोक म्हणतात, बरं झालं. पण खरं काम तेव्हा सुरू होतं. गेजसारखा स्वभाव बदललेला असतो, लेबोर्न्यसारखे शब्द अडकलेले असतात. माणूस चिडतं, तेच तेच विचारतं, दोन कामांत थकून जातं, वास येत नाही, झोप उडते. हे सगळं दुखण्याचे भाग आहेत, मुद्दाम केलेलं नाही. 'बायकोनं काही केलं', 'सुनेचा पायगुण' असले बोल लावले तर दुखणं तसंच राहतं आणि एक निरपराध बाई घरात आरोपी होते.

पहिल्या काही महिन्यांत मेंदू पुष्कळ सावरतो. चांगल्या पेशी नवी वाट पाडून मेलेल्या पेशींचं काही काम उचलतात, पण त्यासाठी सराव लागतो. रोजचा व्यायाम, एकेका शब्दाचा सराव, वस्तू ठरलेल्या जागी ठेवणं, एका वेळी एकच काम सांगणं. फीटच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. दारू तर अशा माणसाला विषच.

हक्काचंही सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत मेंदूची इजा असं वेगळं नाव नाही. पण तिच्यामुळं चालणं गेलं, बोलणं गेलं, दिसणं किंवा ऐकणं गेलं, तर त्या त्या प्रकाराखाली तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळू शकतं. ते असेल आणि उत्पन्नाची अट बसत असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करता येतो. आणि रस्त्यात पडलेल्या अनोळखी माणसाला दवाखान्यात नेलं तर पोलिसांचं लचांड मागं लागेल, ही भीती सोडा. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्यानं २०१९ च्या दुरुस्तीत मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय.

आता येत्या बैठकीत हप्ते भरून झाले की तीन कामं करा. पहिलं, आपल्यापासून जवळ सीटी स्कॅन कुठं आहे, वसमतला, हिंगोलीला की नांदेडला, आणि तो रात्री चालू असतो का, हे एकीनं विचारून सगळ्यांना सांगा. दुसरं, गटातल्या प्रत्येकीचा आणि तिच्या घरातल्या थोरांचा रक्तदाब मोजून वहीत लिहा. तिसरं, गावात अंथरुणाला खिळलेलं माणूस कोणाच्या घरात आहे ते बघा आणि आठवड्यातून एक दुपार पाळीपाळीनं तिथं बसा, म्हणजे सांभाळणारीला तेवढी झोप मिळेल. के.ई.एम.च्या नर्सांना बेचाळीस वर्षं जमलं, कारण त्या एकट्या नव्हत्या, त्यांच्या पाळ्या लागल्या होत्या. आपल्या गावात त्या एकटीला पाळी बदलून देणारं कुणीतरी लागेल, आणि ते गटाला जमण्यासारखं आहे.